वाळलीस गे

नव्या तांदळाला पाणी कमी लागते. जुन्या तांदळाला एका भांड्यास तीन भांडी घालत असाल, तर नव्याला दोन पुरतात, फार तर सव्वादोन. हे मला पाठ आहे. तरी आज पुन्हा माझा भात चिकट झाला. हात सवयीने तिसरे भांडे ओतून मोकळा होतो आणि मग आठवते, की पोते कालच पापनाशमच्या शेतावरून आले आहे, दाणा अजून ओला आहे.

माझी बायको तुळजा भांड्याने मोजत नसे. दोन दाणे दाताखाली धरून ती ठरवी. ती गेल्यापासून नवा तांदूळ शिजवायची ही माझी तिसरी वेळ आहे.

तै महिना लागला, म्हणजे तुमची संक्रांत आली, की तंजावुरात सगळीकडे भातच असतो. पापनाशमच्या रस्त्यावर अर्धी डांबरी सडक झाकून साळी वाळत घातलेल्या असतात आणि बसचा ड्रायव्हर उरलेल्या अर्ध्यावरून बस काढतो. खिडकीतून पेंढ्याची कुसळे आत येऊन शर्टाला चिकटतात. कीळवासल वेशीजवळ ऊस उभे करून ठेवलेले असतात, पानांसकट हळदीचे गड्डे. दोन माणसे भेटली की तुमचा सांबा भात किती उतरला, गिरणीत भरडायला दिला का, हेच बोलणे. आमची शेती थोडी, तीही कुळाकडे, पण वर्षाचा तांदूळ तिथूनच येतो. अशा गावात एखाद्या मुलीला भात कमी कर म्हणून सांगणे म्हणजे काय, ते तीन वर्षांपूर्वीच्या या दिवसांत मी पाहिले.

आमची मुलगी रेणू तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. कोइंबतूरला नोकरी. कार्तिकात ती घरी आली ती कंपनीकडून घरून काम करायची परवानगी घेऊनच. पाळी पाच-पाच महिने येत नव्हती. हनुवटीवर राठ केस येत, ते ती दार लावून उपटत असे. वजन चौऱ्याऐंशी किलो, आणि त्यातले बरेचसे कमरेभोवती. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून नाव सांगितले, पीसीओएस. बीजकोशाचे दुखणे म्हणतात, पण ते तेवढ्यावर थांबत नाही. त्यांनी समजावून सांगितले ते मला पटले, कारण ते हिशेबासारखे होते. शरीरात साखर पेशींपर्यंत पोचवणारे इन्सुलिन असते, त्याचे शरीर नीट ऐकत नाही, म्हणून शरीर ते जास्त जास्त बनवते. ते जास्त झाले की बाकीचे हार्मोन बिघडतात, वजन वाढते, आणि वजन वाढले की इन्सुलिनचे ऐकणे आणखी कमी होते. हे वर्तुळ कुठेतरी तोडायचे. औषध आहे, पण ताटापासून सुरुवात करायची.

"बारीक व्हायचं मनात धरू नको," त्या रेणूला म्हणाल्या. "शंभरातले पाच गेले तरी पुष्कळ असतं. उपास नको. भात मोजून, डाळ-कडधान्य जास्त, भाजी ताटभर, रोज चालणं, वेळेवर झोप."

चौऱ्याऐंशीचे शेकडा पाच म्हणजे चार किलो दोनशे. मी तिथेच खुर्चीत मनात काढले. एवढेसेच तर आहे, असे मला वाटले. घरी येताना आम्ही काचेचा, आकडे दाखवणारा वजनकाटा घेतला.

त्या दिवसांविषयी लिहायचे तर आधी एका शब्दाविषयी लिहायला हवे.

आम्ही तंजावुरातले मराठी. आमच्या घरात कोणीही दारात आले की तुळजा म्हणे, "वाळलास की रे!" बाई असली तर "वाळलीस गे!" माणूस कसाही असो. माझा एक आतेभाऊ आहे, तो ऑटोत एकटा बसला तरी दुसऱ्याला जागा उरत नाही. त्यालाही ती म्हणे, "वाळलास की रे! घरात घालीत नाहीत काय काही?" आणि तो खूश होऊन बसे. तमिळ लोकांतही हेच आहे. आमच्या शेजारच्या पंकजम मामी गावाहून आलेल्या प्रत्येकाला "इळैच्चुट्टियेडी" म्हणतात, म्हणजे वाळलीस की. त्याचा संबंध वजनाशी नसतो. तू दूर होतास, तिथे तुझ्याकडे बघायला कोणी नव्हते, आता बस आणि जेव, असा त्याचा अर्थ. महाराष्ट्रातून आलेल्या एका पाहुण्या बाईंना तुळजा असे म्हणाली, तर त्यांनी घाबरून विचारले, "खरंच? आजारी दिसते का मी?" आम्ही दोन दिवस हसत होतो.

कार्तिकात रेणू बॅग घेऊन दारात उभी राहिली तेव्हा तुळजाने तेच म्हटले. "वाळलीस गे, रेणू!"

रेणू हसली नाही. बॅग खाली ठेवून म्हणाली, "आई, बसमध्ये दोन सीट लागतात मला. उगाच का खोटं बोलतेस?"

"खोटं कसलं गे? आई म्हणते तसं."

"मग नको म्हणू. जेव्हा खरंच वाळेन ना, तेव्हा म्हण. तोवर म्हणायचं नाही."

तुळजाचे तोंड उतरले. पण तिने ते पाळले. पुढे रेणू रोज सकाळी चालून परत येई, दार उघडायला तुळजाच जाई, आणि तो शब्द ओठांवर येऊन मागे गेलेला मला दिसे. त्याऐवजी ती म्हणे, "आलीस?"

रेणूचे ताट बदलले. एक लहान वाटी भात, दुपारीच. रात्री केप्पैची अडै, म्हणजे नाचणीची जाडसर भाकरी म्हणा, तिच्यात शेवग्याचा पाला. मुगाचे सुंडल, म्हणजे कोरडी उसळ, अंडे, पातळ ताक, आणि भाज्या इतक्या की किसणीने तुळजाची बोटे सोलवटली. पहिल्या दिवशी मी आणि तुळजा सांबार-भात कालवत होतो आणि समोर रेणू अडैचे तुकडे मोडत होती. दुसऱ्या दिवशी तुळजाने आपल्याही ताटात अडैच घेतली.

"तुला काय झालंय?" मी विचारले.

"पोरीनं एकटीनं औषध खाल्ल्यासारखं जेवायचं आणि मी समोर भात कालवू? माझ्यानं होत नाही ते."

"मग मी?"

"तुम्ही खा भात. तुम्ही ताटाकडे बघता, माणसांकडे कोठे बघता!"

रेणू खळाळून हसली. घरी आल्यापासून पहिल्यांदाच.

मार्गळीत, तैच्या आधीच्या महिन्यात, इथे धुके पडते. पहाटे देवळांच्या कर्ण्यांवर गाणी सुरू होतात, अंगणात बायका कोलम, म्हणजे रांगोळी, काढत असतात. आम्ही तिघे राजवाड्याच्या गल्ल्यांतून निघून मोठ्या देवळाच्या खंदकाकडेने फिरायला जात असू. धुक्यात गोपुराचा शेंडा दिसत नसे. रेणू पुढे झपाझप, मी मध्ये, तुळजा मागे. तुळजा पूर्वीही सावकाशच चालायची. तेव्हा ती मधूनच भिंतीला हात लावून उभी राहायची, आणि मला वाटायचे, कोलम बघते आहे.

रविवारी सकाळी काटा. पहिल्या रविवारी रेणू चौऱ्याऐंशी, मग त्र्याऐंशी आठशे, मग पुन्हा चौऱ्याऐंशी शंभर. तुळजा एकसष्ट, मग साठ, मग अठ्ठावन्न. आकडे मी मोठ्याने वाचून वहीत लिहीत असे. त्या महिन्यात अगदी काटेकोर वागली ती रेणू. ऑफिसातल्या कुणाच्या वाढदिवसाचा केक घरपोच आला तो तिने पंकजम मामींच्या नातवाला दिला. दुपारचा भात ती वाटीच्या काठाशी बोट धरून सपाट करायची. आणि काटा हलत नव्हता.

"माझं वजन आईच घेऊन पळते," ती म्हणाली. थट्टाच होती ती. पण न्हाणीघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. नळ सोडलेला होता.

तुळजा दाराशी उभी राहून म्हणत होती, "रेणू, अगे रेणू. माझे तीन किलो तुझ्या नावावर लिहायला सांगते अप्पांना. लिहितील ते. माझा शब्द मोडीत नाहीत."

आतून आवाज आला, "अप्पा खोटा आकडा लिहितील? मरतील पण लिहिणार नाहीत."

डॉक्टरीणबाईंनी सांगितले होते, या दुखण्यात शरीर साठवलेले सोडायला फार वेळ लावते. बरोबरीच्या दुसऱ्या बाईने तेवढेच खाल्ले, तेवढीच चालली, तरी तिचे आधी उतरते. म्हणून कोणाशी तुलना करायची नाही. आम्ही हे लक्षात ठेवले आणि त्याचाच आधार घेतला. तुळजाला ते दुखणे नाही, म्हणून तिचे भरभर उतरते, एवढे सरळ उत्तर आमच्याकडे होते. मला तर त्या उत्तराचे समाधानही वाटले, कारण ते बेरजेत बसत होते.

आणि लोक येत होते. कार्तिक ते तै म्हणजे आमच्याकडे लग्नाच्या पत्रिकांचे, पाहुण्यांचे दिवस. माझी बहीण आली, दारातच म्हणाली, "तुळजा, वाळलीस गे!" तुळजा म्हणाली, "तू पण की गे!" पंकजम मामींनी कोलमचा डबा हातात धरून म्हटले, "इळैच्चुट्टेळे!" तुळजाने त्यांना अडैची कृती सांगितली. आतेभावाने म्हटले, दूधवाल्याने म्हटले, मोठ्या देवळात फुले विकणारीने म्हटले. सगळ्यांनी म्हटले. कोणीही लपवले नाही, कोणी डोळे झाकून नव्हते. शब्द बरोबर होता. पण आमच्या घरात तो इतकी वर्षे इतक्या मायेने वापरला गेला होता, की त्याला काही अर्थ असेल असे कोणाच्या मनातच आले नाही. दारात पाय पुसल्यासारखा तो शब्द आम्ही ऐकला आणि माणसांना आत घेतले.

पोंगलच्या दिवशी पोते आलेले होते. तुळजाने अंगणात चूल मांडून नवा तांदूळ आणि गूळ शिजवला. भांड्याच्या गळ्याला हळदीचे पान बांधले होते. ढवळताना तिची सोन्याची बांगडी कोपरापर्यंत जाऊन परत मनगटावर आपटत होती. अंगठीला तिने आतून दोरा गुंडाळला होता. रेणू म्हणाली, "बघ, माझ्या डाएटनं तुला सोनाराकडे जावं लागणार." भांडे उतू गेले, तो शकुनच, आम्ही सगळ्यांनी ओरडा केला, जसा दर वर्षी करतो.

पानावर बसल्यावर प्रश्न रेणूचा होता. खायचे की नाही? गूळ, नवा तांदूळ, तूप. ती पानाकडे बघत बसली होती. तुळजा पळी घेऊन उभी.

"एक पळी," तुळजा म्हणाली. "डॉक्टरीणबाईंना मी विचारून घेतलंय. वर्षाचा सण आहे, एक पळी खा म्हणाल्या, सावकाश खा, आणि दुसरी मागू नको."

"तू विचारलंस?"

"फोन करून. तमिळमध्ये."

रेणूने ती एक पळी फार सावकाश खाल्ली. डोळे मिटून. मी आयुष्यात कोणाला इतका वेळ एक पळी भात खाताना पाहिले नाही. आपले लोक सणाला इतके खातात, पण त्या दिवशी त्या अंगणात नवा तांदूळ खरा खाल्ला तो तिनेच. तुळजाने स्वतःच्या पानावर तेवढाच वाढून घेतला, दोन घास घेतले आणि म्हणाली, "पोट भरलं." पान दुमडले.

दोन घासांत पोट भरले. आता ते वाक्य मला मोठ्या अक्षरांत दिसते. तेव्हा आम्ही सगळे रेणूच्या पानाकडे पाहत होतो.

तैच्या पुढच्या मासी महिन्यात तुळजाला उलट्या सुरू झाल्या आणि मग सगळे कळले. जठरात गाठ होती, आणि ती तिथेच थांबलेली नव्हती. मोठ्या डॉक्टरांसमोर रेणूने एकच विचारले, "आमच्या डाएटमुळे?"

ते म्हणाले, "नाही. आहारामुळे हे झालेलं नाही. डाएट नसतं तर लवकर लक्षात आलं असतं का, ते मात्र मी सांगू शकत नाही."

मी पहिले वाक्य घेऊन घरी आलो. रेणू दुसरे.

गंमत म्हणावी तर अशी, की त्यानंतरच्या महिन्यांत रेणूचे वजन उतरले. चालण्याचे, मोजून खाण्याचे फळ उशिरा आले, की दवाखान्याच्या जिन्यांचे, की न जेवलेल्या दुपारींचे, ते काट्याला सांगता येत नाही. वैशाखात तिला पाळी आली, न ओढताताणता, आपली आपण. तिने ते आईच्या कानात सांगितले. तुळजा तेव्हा भिंतीकडच्या खाटेवर असे. तिने रेणूला समोर उभे केले, वरपासून खालपर्यंत पाहिले. बोलायला तिला वेळ लागे.

"वाळलीस गे."

रेणू म्हणाली, "खरं म्हणतेस की उगाच?"

"खरं. आत्ता खरं."

एकोणऐंशी किलो दोनशे. शंभरातले पाच गेले होते, थोडे जास्तच. हा आकडा मी मोठ्याने वाचला नाही. आडी महिन्यात, म्हणजे तुमच्या आषाढात, तुळजा गेली.

रेणू कोइंबतूरला परत गेली आणि तिने सगळे सोडून दिले. गोळ्या, चालणे, वाटी. केप्पैचे पीठ भाजल्याचा वास आला की उठून बाहेर जाते, म्हणाली. हॉटेलचे खाई, वेळी-अवेळी खाई. पाळी पुन्हा थांबली. मी फोनवर पहिले वाक्य सांगे, डॉक्टर काय म्हणाले ते. ती म्हणे, "अप्पा, मला ठाऊक आहे ते." मी सांगे, शंभरातले पाच एकदा गेले होते म्हणजे पुन्हा जातील, हे दुखणे जन्माचे असले तरी सांभाळता येते, पुढे साखर होते, इतरही होते, टाळता येते. ती म्हणे, "मला आकडे नकोत. मी नीट जेवत होते ना, तेव्हाच आई मरत होती." तिला आईला एकटे टाकून जेवणे जमत नव्हते. आईलाही तिला एकटे टाकून जेवणे जमले नव्हते. मी मात्र त्या दोघींसमोर बसून रोज भात खाल्ला होता, पोटभर.

काचेचा काटा मी कपाटाच्या वर ठेवून दिला. गेले दोन्ही तै रेणूने टाळले. श्राद्धाला येई आणि दुसऱ्या दिवशी जाई. या वेळी दिवाळीनंतर तिचा फोन आला, की तिथे एका डॉक्टरांकडे जायला लागली आहे, गोळी परत सुरू केली आहे, आणि संध्याकाळी एका तळ्याला फेरी मारते. पोंगलला येते. एवढेच. मी काही विचारले नाही. तिला मराठी बोलता येते, पण वाचता येत नाही, आमच्याकडे फार थोड्यांना येते, म्हणून इथे लिहितो, की फोन ठेवल्यावर मी देवाजवळ जाऊन उभा राहिलो आणि मला काही मागायला सुचले नाही.

आज सकाळी ती आली. दारात बॅग. आधीच्यापेक्षा जाड झालेली, चेहऱ्यावर पुटकुळ्या, डोळे जागरणाचे. दार मी उघडले. त्या दारात आमच्या घरी काहीतरी म्हणायची रीत आहे, आणि ते म्हणणारी नाही. माझ्या तोंडात शब्द आला होता. मी गिळला.

तिनेच माझ्याकडे बघितले, आणि म्हणाली, "वाळलात अप्पा."

"हो हो," मी म्हणालो. "ये आत. भात झालाय. चिकट झालाय जरा."

ती आत आली, पण स्वयंपाकघराकडे गेली नाही. खुर्ची ओढली, कपाटावरून काटा काढला, ओढणीने धूळ पुसली. अंगठ्याने दाबून पाहिले, आकडा उमटला नाही. तिने टीव्हीच्या रिमोटमधले सेल काढून त्यात घातले. जमिनीवर ठेवून म्हणाली, "उभे राहा."

"अगे, आल्या आल्या हे काय! आपल्यात म्हणतातच तसं. तुझी आई तर आतेभावाला—"

"ठाऊक आहे. आता या घरात नुसतं म्हणायचं नाही. म्हटलं की मोजायचं. उभे राहा, अप्पा."

मी उभा राहिलो. बासष्ट.

"आडीत, श्राद्धाच्या वेळी, किती होतं?"

मला सांगता येईना. तुळजाचा प्रत्येक रविवारचा आकडा मला अजून पाठ आहे, रेणूचाही. माझा मी कधी घेतलाच नव्हता. पँटला दोन भोके आत पट्टा लावतो, एवढे सांगितले. रेणूने पट्ट्याची भोके मोजली. मग म्हणाली, "एकट्यासाठी तुम्ही काय शिजवून खाता ते मला दिसतंय. पण उद्या रक्त तपासून घ्यायचं. दोघांचंही."

दोघांचंही म्हणाली. मी ते ऐकले.

मग तिने चपला काढल्या आणि स्वतः काट्यावर चढली. तीन वर्षांनी. मी खिडकीकडे पाहू लागलो. बाहेर पंकजम मामी ऊस दाराला टेकवत होत्या.

"वाचा ना," ती मागून म्हणाली. "तुम्हीच वाचायचे."

मी वळून मोठ्याने वाचले. एकोणनव्वद सहाशे. तिने मान हलवली, जशी दुकानात भाव ऐकून हलवतात. शंभरातले पाच म्हणजे साडेचार किलो, मी मनातच काढले.

आम्ही जेवायला बसलो. भाताचा गोळा पळी सोडत नव्हता. तिने पळी पाण्यात बुडवून घेतली, आईसारखी, आणि स्वतःच्या ताटात एक पळी वाढली. मग माझ्या ताटात एक वाढली, माझ्याकडे पाहिले, आणि वर आणखी अर्धी घातली.